प्रकृतीस उतार

पेपर हातात आला की अण्णा आधी टोपी काढत. काळी टोपी, कडेने तेलकट झालेली. ती गुडघ्यावर ठेवायची, पेपराची घडी मोडायची आणि पहिल्या पानाकडे ढुंकूनही न बघता आतल्या पानांत शिरायचं. "बघया," ते म्हणत, "कोण आसा नि कोण नाय." कोणी गेलेलं नसलं तर टोपी परत डोक्यावर. गेलेलं असलं तर वाचन संपेपर्यंत गुडघ्यावरच. आम्ही वाचनालयाच्या पायरीवरूनच टोपी कुठे आहे ते बघायचो आणि मग चपला काढायच्या की परत फिरायचं ते ठरवायचो.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. मंत्र्याला ताप आला, नटीचं ऑपरेशन झालं, कोण्या गवयाला रक्ताची उलटी झाली, याची खबर ठेवणारा. मला अशा माणसांचा तिटकारा होता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला चांगला समजणार नाही.

वाचनालय म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची एक खोली. दोन बाकं, एक कपाट, एक डुगडुगतं टेबल. अण्णा तिथले ग्रंथपाल, तेच शिपाई, तेच झाडणारे. तरुणपणी मुंबईला एका नाटकगृहाच्या दारावर आठ वर्षं उभे होते. बाप वारल्यावर माड बघायला गावी आले ते आलेच. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर लाल शाईच्या फुल्या. प्रत्येक फुली म्हणजे एक पुण्यतिथी. त्या दिवशी खुर्चीवर पेपरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो ठेवायचा, त्याला अबोलीचा वळेसर घालायचा, दोन मिनिटं उभं राहायचं. वळेसर काकी करायच्या. काकी म्हणजे अण्णांची बायको. साऱ्या गावाची काकी.

"ह्यांच्या घराण्यात सगळे आजारी," काकी म्हणत. "माज्या सासऱ्याचा श्राद्ध इसारले, पण त्या दिल्लीच्या म्हाताऱ्याचा नाय इसारले. रे पुता, तू तरी सांग ह्यांका."

मी सांगायचो. सांगायचं हेच माझं काम होतं. मुंबईला एका चळवळीत दोन वर्षं पत्रकं लिहून मी गावी परतलो होतो आणि मला गावाला दवाखाना हवा होता. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तारकर्ली. डॉक्टर हवा तर होडीने खाडी ओलांडून मालवण गाठा, नाहीतर दीड कोस चालून एसटीचा रस्ता गाठा आणि वेंगुर्ल्याला जा. पावसात होडी बंद. म्हणजे पावसात आजारी पडायचं नाही. मी हे कुठेही, कुणालाही सांगायचो. पुण्यतिथीला माणसं जमत म्हणून तिथेही सांगायचो. अण्णा मला पाच मिनिटं देत. "आधी दोन मिनटां उभो रव, मगे बोल काय ता." मी रागावलो की माझं मालवणी सुटतं आणि छापील मराठी तोंडात येतं. तसं झालं की अण्णा शेजारच्याला कोपर मारत. "इलो पुस्तकी. आता रगात उकळतला."

त्यांचा पेपर कधीच त्या दिवसाचा नसे. बोटी चालू असल्या तर मुंबईहून आगबोटीने मालवण बंदरात, तिथून तारकर्लीला, तिथून आमचा तारी तो होडीत घालून आणायचा. पावसात बोट बंद, मग कोल्हापूरकडून घाट उतरून एसटीने. पंचायतीने एक रेडिओ घेतला होता, पण त्याची बॅटरी उतरली की दोन-दोन महिने तो नुसता शोभेला. त्यामुळे मोठी माणसं आमच्या गावात दोन दिवस जास्त जगत. पावसात चार.

यातून एकदा मोठी पंचाईत झाली. दिल्लीचा एक पुढारी अत्यवस्थ असल्याचं पेपरात आलं. अण्णा नारळ घेऊन देवळात गेले आणि गावकराला गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्याकडचं गाऱ्हाणं बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गावचा मानकरी देवासमोर नारळ ठेवून गावातर्फे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. तसं सगळं रीतसर झालं. पुढाऱ्याला शंभर वर्षं आयुष्य मागितलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा कळलं की गाऱ्हाणं घातलं त्याच्या आदल्याच दिवशी तो गेला होता.

मी ही गोष्ट महिनाभर सगळीकडे सांगत फिरलो. गावकराला चौकात गाठून विचारलं, "मेलेल्या माणसाक आयुष्य मागलास, देवान काय केल्यान?"

गावकर शांतपणे पान लावत म्हणाला, "देवाक म्हायत होता. तो काय बोलूक नाय, आमका वायट वाटात म्हणान."

अण्णांशी मात्र माझं खरं भांडण त्या वर्षी चैत्रात झालं. खालच्या वाडीतली एक बाळंतीण मालवणला नेता नेता होडीतच गेली. त्याच आठवड्यात वाचनालयात कुणा गायिकेची पुण्यतिथी. खुर्ची, फोटो, वळेसर. मी आत शिरलो आणि छापील मराठीत सुरू झालो. "अण्णा, परवा आपल्या गावची एक बाई होडीत मेली. तिच्यासाठी तुमच्या कॅलेंडरवर एक फुली आहे का? की मरायलाही आधी पेपरात नाव छापून यावं लागतं?"

बाकावरची माणसं खाली बघू लागली. अण्णांनी वळेसर सरळ केला.

"तिका काय झाला होता रे?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? डॉक्टरच नव्हता."

"तांच सांगतंय," अण्णा म्हणाले. "माका झील होतो. तीन वर्सांचो. तीन दिस ताप इलो नि गेलो. कसलो ताप, कशान गेलो, आजून म्हायत नाय. कोण सांगतलो? तुजी काकी आजून इचारता, काय झाला असात हो तेका. ह्येंचा बघ. ताप किती चढलो, काय खाल्ला, उशाक कोण बसला, सगळा लिवन येता. ह्येंचा मरण समाजता तरी."

तारी बाकावरून म्हणाला, "समाजान काय करतलास अण्णानू, मेलेलो तो मेलोच."

"ता आसाच," अण्णा म्हणाले.

मी लगेच संधी साधली. म्हटलं, म्हणूनच दवाखाना हवा. माझ्या पिशवीत अर्ज होता. अण्णांनी "व्हयो तर" म्हणत पहिली सही केली, आणि ग्रंथपाल म्हणून वाचनालयाचा शिक्काही मारला. मी जिंकल्यासारखा बाहेर पडलो. मुलाचं बोलणं मी ऐकलं होतं, पण पत्रकात त्याचा उपयोग होईल का एवढंच माझ्या मनात होतं.

आषाढात मुंबईचे एक नामांकित नट आजारी पडले. त्यांचं नाव लिहीत नाही. अण्णांना ते फार जवळचे, कारण नाटकगृहाच्या दारावर असताना एका पावसात अण्णांनी त्यांना टॅक्सीपर्यंत छत्री धरली होती. "माका म्हणाले, तुम्ही भिजू नका हो. माका 'तुम्ही' म्हणाले." ही गोष्ट मी तीसेक वेळा ऐकली असेन. तेव्हापासून ते नट अण्णांच्या बोलण्यात "आपले" झाले. "आपल्यांका पोटात कळ इली हा," त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं. "ओकारी, ताप. इस्पितळात आसत."

त्याच्या दुसऱ्या दिवशी काकींच्या पोटात दुखू लागलं. उजव्या कुशीत. ओकारी झाली, अंग तापलं. गावच्या वैद्याने काढा दिला, तो पोटात ठरला नाही. मी बघायला गेलो तर काकी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. तशातही मला म्हणाल्या, "बघ रे पुता, ह्यांच्या नटाचा दुखणा माका लागला. नाटकात काम मागतंय आता."

अण्णांनी पेपर आणला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. सगळं जुळत होतं. कळ, ताप, ओकारी. पुढे लिहिलं होतं की डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, पातळ अन्नाखेरीज काही द्यायचं नाही, आणि त्यांना कोणत्याही कारणाने हलवू नये असं बजावलं आहे. शेवटी ते शब्द, जे अण्णा नेहमी दोनदा वाचत: प्रकृतीस उतार.

खाडी तर फुगलेली होती. राहिला वेंगुर्ल्याचा रस्ता. मी चार माणसं गोळा केली, आरामखुर्चीला दोन बांबू बांधून डोली केली आणि अण्णांच्या अंगणात आणून ठेवली.

अण्णा दारात उभे राहिले. "हलवूचा नाय."

"अण्णा, ते त्यांच्याबद्दल लिहिलंय. त्यांच्या उशाशी डॉक्टर आहेत."

"रोग काय माणूस बघून वेगळो येता?"

हे वाक्य माझंच होतं. रोग श्रीमंत-गरीब पाहत नाही, असं मी माझ्या पहिल्याच पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं आणि अण्णांनी ते वाचनालयात वाचून दाखवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. दीड कोस चिखलातून नेताना वाटेत काही झालं तर? मुंबईचे मोठे डॉक्टर हलवू नका म्हणतात आणि मी कोण? छापलेल्या शब्दावर माझाही तेवढाच भरवसा होता. डोली पडवीत टेकवून ठेवली. चौघांनी चहा घेतला आणि ते गेले.

"उद्याचो पेपर येवंदे," अण्णा म्हणाले. "फुडे काय करूचा ता येतला."

दुसऱ्या दिवशी पेपर आला नाही. घाटात दरड कोसळल्याची बातमी एसटीच्या वाहकाने आणली. कधी उघडेल, सांगता येत नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी अण्णा देवळात गेले. नटासाठी नारळ घेऊन. मी अशा ठिकाणी आत जात नाही, म्हणून छत्री घेऊन बाहेर पागोळ्यांखाली उभा राहिलो. गावकराने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुज्या पायाकडे ठेयलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मुंबयक आमचे ते नट आजारी पडले हत, तेंच्या पोटातली कळ काढ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग अण्णा गावकराच्या कानाशी वाकले. काहीतरी बोलले. गावकराने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि परत देवाकडे तोंड केलं. "आणि हयसर गावात कोणाच्या पोटात तसाच दुखत असात, तर तेकाय त्याच नारळात घे म्हाराजा."

त्यांनी वेगळा नारळ आणला नव्हता. घरच्या माणसासाठी वेगळं मागायची त्यांना लाज वाटली, की नटाचं वजन देवाकडे जास्त आहे असं वाटलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. माझ्या तोंडून मात्र "व्हय म्हाराजा" बाहेर पडलं. कुणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल.

मंगळवारीही पेपर नाही. अण्णा सकाळ-संध्याकाळ एसटीच्या रस्त्यापर्यंत चिखल तुडवत जायचे आणि परत यायचे. घरात शिरल्यावर आधी काकींचं तोंड बघायचे, मग पाय धुवायचे. मी त्यांच्याबरोबर चालायचो आणि काहीतरी बोलायचो. कलेक्टर, आमदार, अर्ज. ते "व्हय" म्हणायचे.

बुधवारी दुपारी काकींची कळ एकाएकी थांबली. अण्णांचा चेहरा उजळला. "उतार पडलो," ते म्हणाले. काकींचं पोट फळीसारखं ताठ झालं होतं आणि हात बर्फासारखे थंड. त्यांनीच मला बोलावलं. "पुता, माका खंय तरी ने. ह्यांका आयकू नको."

अण्णांनी ऐकलं होतं. ते जाऊन डोलीचे बांबू उचलून आले.

आम्ही सहाजण होतो. काकींवर घोंगडी आणि त्यावर इरलं. एसटीच्या रस्त्याच्या अलीकडे एक व्हाळ लागतो, एरवी पोरं उडी मारून ओलांडतात. त्या दिवशी तो मातीच्या रंगाचा होऊन छातीएवढा वाहत होता. पाणी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. डोली एका आंब्याखाली ठेवली. अण्णा शेजारी चिखलातच बसले आणि त्यांनी इरल्याची कड हाताने वर धरली.

काकींनी डोळे उघडले. "पेपर इलो?"

"येतलो आता," अण्णा म्हणाले.

पाणी उतरलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आम्हाला व्हाळ ओलांडायचं कारण उरलं नव्हतं.

पेपर शुक्रवारी आले, चार दिवसांचे एकदम. एसटीच्या रस्त्यावर तारीही होता, मीही होतो. अण्णा सुतकात होते, म्हणून मी आणून त्यांच्या पडवीत दिले. त्यांनी तारखेप्रमाणे लावले आणि वाचले. नट बरे होऊन घरी गेले होते. ऑपरेशन झालं होतं, अगदी पहिल्याच रात्री. ही बातमी त्या न आलेल्या पेपरांतल्या पहिल्यात होती. हलवू नये असं सांगितलं होतं ते ऑपरेशननंतर, हेही त्यात नीट खुलासा करून दिलेलं होतं. आम्हाला मिळालेल्या पेपरात तेवढं अर्धंच आलं होतं.

अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग घडी घातली. "बरे झाले," ते म्हणाले. "बरा झाला."

मी घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. मला दुसरं काय येतं? माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं पत्रक होतं. मथळा होता, "आणखी किती?" वेंगुर्ल्याला जाऊन पाचशे प्रती छापून आणल्या, एक जिल्ह्याच्या कचेरीला टपालाने पाठवली, आणि बाराव्याला अण्णांच्या घरी जमलेल्या माणसांच्या हातात मी ती पत्रकं दिली. त्यांच्याच अंगणात. माझ्या डोक्यात हे आलंच नाही की हे काही बरं दिसत नाही. माणसं जमली होती आणि विषय तोच होता.

अण्णांनी पत्रक घेतलं. पुढून वाचलं, मागून कोरं आहे का ते पाहिलं. "बरा लिवलंस," ते म्हणाले. मग विचारलं, "ह्येच्यात ती खंय आसा?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं: एक असहाय स्त्री चिखलात तडफडून मेली.

अण्णा त्या ओळीकडे बघत राहिले. "असहाय कित्याक?" ते म्हणाले. "मी होतंय मा थंयसर. तू होतस. चार माणसां होती." त्यांचा आवाज चढला नव्हता. पेपरातली एखादी चूक दाखवावी तसे ते बोलत होते. "आणि नाव खंय?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला नाव ठाऊक नाही. जन्मापासून काकी. त्यांच्या हातची पेज मी किती वेळा प्यालोय. त्यांच्या नावावर मी दवाखाना मागत होतो आणि ते नाव मी कधी विचारलं नव्हतं.

"काय नाव काकीचा?" मी विचारलं.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव तोंडाने घेत नाही. अण्णा आत गेले, टाक आणि दौत घेऊन आले, पडवीत मांडी घातली. "एक असहाय स्त्री" या शब्दांवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: सौ. भागीरथी. वाचनालयातल्या पुस्तकांच्या पाठीवर लिहीत, त्याच अक्षरात. मग हात पुढे केला. "बाकीची खंय?"

उरलेल्या सगळ्या प्रतींवर त्यांनी ते लिहिलं. दोन दिवस लागले. मी शेजारी बसून शाई टिपत होतो. वाटून झालेल्या होत्या त्यांच्यासाठी ते घरोघर गेले. "जरा तो कागद दिया," म्हणत. कुणी त्याचं वहीला कव्हर घातलं होतं, कुणी तांदळाच्या डब्याखाली घातला होता. जिथे होता तिथे त्यांनी लिहिलं. तारीच्या खोपटात पत्रक भिंतीच्या फटीवर चिकटवलेलं होतं. अण्णांनी भिंतीला हात टेकून, उभ्यानेच लिहिलं. तारी दौत धरून उभा होता.

"जिल्ह्याक धाडलंस तो?" अण्णांनी मला विचारलं.

"तो गेला, अण्णा. त्याचं आता काही करता येत नाही."

"अर्ज करूक येता मा?"

मी म्हटलं, मी लिहून देतो. ते नको म्हणाले. त्यांनी स्वतः लिहिला, चार पानं. मी तो वाचला आहे. आपल्याकडे आलेल्या पत्रकात अमुक ठिकाणी सौ. भागीरथी हे नाव भरून घ्यावे, ही विनंती पहिल्या ओळीत. बाकी सगळी पानं काकींच्या दुखण्याची. कळ कोणत्या वारी आली, ताप केव्हा चढला, काय खाल्लं, काय पोटात ठरलं नाही, उशाशी कोण बसलं होतं. त्यात माझंही नाव होतं. हलवायला उशीर झाला तो कुणामुळे, हेही त्यांनी लिहिलं होतं, स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा घालून: ग्रंथपाल. शेवट मात्र आंब्याखाली ठेवल्यापर्यंत येऊन थांबत होता. पुढचं त्यांना लिहिता आलं नसावं. मी ते दाखवून द्यायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही. मी पाकीट चिकटवून टपालात टाकलं.

दिवाळीत त्यांची मुंबईला दिलेली मुलगी आली, त्यांना घेऊन जायला. बोटीच्या आदल्या दिवशी दुपारी टपालवाल्याने एक सरकारी पाकीट आणलं. वर नाव होतं, श्रीमती भागीरथी. टपालवाला ते वाचनालयात घेऊन आला आणि कुणाला द्यावं ते न कळून दारातच उभा राहिला. अण्णा कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे सोपवत होते. त्यांनी पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं आणि मला दिलं.

आपला आपल्या प्रकृतीविषयीचा अर्ज पोचला, असं त्यात होतं. प्रकरण संबंधित खात्याकडे चौकशीसाठी पाठवले आहे. निष्पन्न होईल ते यथावकाश कळवण्यात येईल.

मी म्हणालो, "अण्णा, ही थट्टा आहे. यांनी अर्ज धड वाचलासुद्धा नाही. मेलेल्या बाईला पत्र लिहितायत. मी आजच्या आज..."

"नाव बघ," अण्णा म्हणाले.

"काय?"

"नाव बघ. नाव बरोबर घातल्यानी."

त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. बाकावर नेहमीची पाच-सहा माणसं होती. अण्णांनी चष्मा पुसला आणि पत्र वाचून दाखवलं, मंत्र्यांची आणि नटांची खबर ज्या आवाजात वाचत त्याच आवाजात, सावकाश, एकही शब्द न गाळता. श्रीमती भागीरथी यांच्या प्रकृतीविषयी चौकशी चालू आहे. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कुणीतरी हे थांबवावं असं मला वाटत होतं, आणि मी स्वतः काही थांबवत नव्हतो.

तारी हळूच म्हणाला, "मगे?"

"इतक्याच इला हा," अण्णा म्हणाले. "फुडचा कळवतले."

सकाळी मी त्यांना मालवण बंदरावर सोडायला गेलो. पडावात चढताना त्यांनी मुंबईचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. फुडचा इला तर हयसर धाड, म्हणाले.

दवाखाना अजून आलेला नाही. मी रोज टपालवाल्याला गाठतो, आणि अर्जाचं उत्तर आलं का, हे विचारण्याआधी भागीरथीच्या नावाचं काही आहे का ते विचारतो.